मेणातला तुकडा

पितृपक्षातल्या एका सोमवारी, सकाळी नऊच्या सुमारास, दाजींनी माझ्या बहिणीच्या फुप्फुसाचा तुकडा कामशेतजवळ इंद्रायणीत सोडला. तुकडा मेणात बसवलेला होता. बहीण त्या वेळी जिवंत होती आणि घरी भाकरी थापत होती.

दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. कामशेतच्या बाजारपेठेत त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. पवनेच्या बाजूच्या गावांतून जळलेल्या पाण्याच्या मोटरी त्यांच्याकडे येतात. मी लोणावळ्याचा बातमीदार आहे, राहायला तळेगावात, घोरावाडी स्टेशनजवळ. बहीण माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिने कधी विडी-सिगारेट ओढली नव्हती. मशेरी लावायची. रोग फुप्फुसात निघाला तेव्हा पहिला निकाल तिच्या सासूने दिला.

"मशेरी लावून लावून छातीचं वारूळ केलं."

गावाने तो निकाल कायम केला. दळण आणायला गेलेल्या बहिणीला गिरणीत एका बाईने सांगितलं, मी तर कधीच सोडली, तू का नाही सोडलीस. बहीण दळण घेऊन घरी आली. मशेरीचा डबा तिने चुलीत टाकला. त्याने काही फरक पडणार नव्हता, हे तोवर आम्हाला माहीत नव्हतं.

हॉस्पिटलात पाठीतून सुई घालून तुकडा काढला होता. त्या सुईने फुप्फुसाला भोक पडलं, हवा बाहेर निघाली, छातीत नळी घालावी लागली. आठ दिवस बहीण बसूनच झोपली. सुईतून मिळालं ते एवढंच: शेवईसारखे तीन पांढरट दोरे. ते मेणात बुडवून एका लहान प्लॅस्टिकच्या चौकटीवर बसवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. काड्यापेटीपेक्षा लहान असतो. त्याचे पापुद्रे कापून काचेवर घेतले की पेशी दिसतात. कर्करोग आहे, एवढं त्यातून कळलं होतं. पुढची तपासणी पुण्यातल्या एका लॅबमध्ये व्हायची होती. ब्लॉक तिथे नातेवाइकांनी नेऊन द्यायचा, अशी पद्धत होती. मी सही करून तो घेतला.

डॉक्टर बाईंनी मला जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं होतं. ते असं. शरीरातल्या पेशीला कधी वाढायचं आणि कधी थांबायचं याचे निरोप मिळत असतात. निरोप बाहेरून येतो, पेशीच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या प्रथिनाला चिकटतो, ते चालू होतं आणि आतली साखळी हलते. निरोप संपला की ते बंद. काही माणसांच्या फुप्फुसात एखाद्या पेशीतल्या गुणसूत्राचा तुकडा तुटतो, उलटा फिरतो आणि तसाच परत जोडला जातो. त्या चुकलेल्या जोडातून जे प्रथिन तयार होतं त्याला निरोप लागत नाही. ते कायम चालू राहतं. पेशी दुभंगत राहते आणि तिच्यापासून झालेली प्रत्येक पेशी तोच चुकलेला जोड घेऊन निघते. तंबाखूशी याचा संबंध नाही. कधी विडी-सिगारेट न ओढलेल्या माणसांतच हा प्रकार जास्त दिसतो.

अशा गाठीची सगळी वाढ त्या एका प्रथिनावर अवलंबून असते. ते बंद पाडणारी गोळी आहे. बंद पडलं की पेशी मरते. गाठीत तो बदल नसेल तर तीच गोळी खडूएवढीच कामाची. म्हणून आधी तपासायचं. "तुकडा जपून न्या," डॉक्टर म्हणाल्या. "दुसऱ्यांदा सुई घालायची माझी तयारी नाही."

शनिवारी संध्याकाळी मी हे बहिणीच्या घरी सांगितलं. बहीण, दाजी, सासू, तिघंही होती. दाजींना ते माझ्याआधी समजलं.

"म्हंजी ऑटो जोडलाय," ते म्हणाले. मावळात मोटरीला ऑटो लावतात. लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते. "लाइट आली का मोटर चालू. मालकाला इचारायचं न्हाई. हिरीत पानी असू दे नायतर नसू दे."

"तसंच. गोळी म्हणजे तो ऑटो काढून टाकणं."

"पन ऑटोच हाय का आतनं काय दुसरं, ते उघडल्याबिगर कसं कळायचं? माझ्याकडं रोज येत्यात, नुसतं हलवून सांगा म्हंत्यात. मोटर उघडल्याबिगर कुनाला काय सांगता येत न्हाई."

"म्हणूनच हे." मी पाकीट दाखवलं. "यात ताईच्या फुप्फुसाचा तुकडा आहे."

'रिपोर्ट' हा शब्द मी वापरला नाही. तो चुकीचा ठरला असता.

सासू भिंतीला टेकून बसली होती. "मांस?" तिने विचारलं.

"हो, मावशी. सुईएवढं."

"जित्या मानसाचं?"

"माझंच हाय," बहीण म्हणाली. "मला न्हाई भ्या वाटत, तुमाला कशापायी वाटतंय?"

"तुला कवा कशाचं भ्या वाटलंय."

या घरात आधी एक पाय गेला होता. सासऱ्यांचा, साखरेच्या आजाराने. हॉस्पिटलने तो पिशवीत घालून दिला. दाजींनी मीठ टाकून तो शेताच्या बांधाला पुरला. अंगातून निघालेलं मातीला द्यायचं नाहीतर पाण्याला, उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, हे तिथे कोणी कोणाला शिकवत नव्हतं. मला ते ठाऊक होतं. पाय पुरला तेव्हा मी तिथे उभा होतो.

लॅबच्या फॉर्मवर बहिणीची सही हवी होती आणि आधार कार्डाची झेरॉक्स. कार्ड दाजींच्या दुकानात होतं, दुकान बंद झालं होतं. रविवारी लॅबला सुट्टी. मला लोणावळ्याला एका मंत्र्याचा दौरा होता. मी पाकीट कपाटात ठेवायला सांगितलं आणि सोमवारी सकाळी येतो म्हणालो.

रविवारी सासऱ्यांची तिथी होती. पितरांची वाडी, म्हणजे नैवेद्याचं पान, पत्र्यावर ठेवली. दुपारी दोनपर्यंत कावळा शिवला नाही. सासूने जेवायला कोणाला बसू दिलं नाही. अडीच वाजता ती म्हणाली, घरात मांस आहे, पितर कसे येतील. बहिणीने वाद घातला, हे तिनेच मला नंतर सांगितलं. म्हणाली, कावळे तिकडे हायवेच्या हॉटेलांवर गेलेत, तिथे चिकन मिळतं, तुमचा भात कोण खाईल. सासू म्हणाली, तुझ्या जिभेनेच तुला खाल्लं.

सोमवारी दहा वाजता मी पोचलो. दाजी अंगणात हात पुसत होते. ते लपवत नव्हते.

"पावनं, सोडलं."

"काय सोडलं?"

"तेच. पान्यात."

मी विचारलं, कुठे. त्यांनी जागा सांगितली, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. मी विचारलं, पाकिटासकट? पाकीट घरात होतं. त्यातला फॉर्मही होता, सही केलेला, आधारची झेरॉक्स जोडलेली. झेरॉक्स दाजींनी सकाळी सात वाजता काढून आणली होती.

"तरंगाय लागलं," ते म्हणाले. "मेन बुडना. मग परत काढलं, फडक्यात दगड बांदला आन सोडलं."

"तुम्हाला कळलं होतं ना मी काय सांगितलं ते?"

"कळलं व्हतं की." त्यांनी हात पुसायचं फडकं दोरीवर टाकलं. "आईला कसं सांगू?"

बहीण दारात आली. हाताला पीठ होतं. "गेलं ना?" तिने मला विचारलं. दाजींना नाही. मी हो म्हणालो. ती आत गेली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मी लॅबला फोन केला. मेणात बसवलेला तुकडा पाण्याने खराब होत नाही, सापडला तर आणा, असं तिथल्या माणसाने सांगितलं. म्हणून शोध घेण्यात अर्थ होता. लोणावळ्यात पाण्यात बुडालेल्या पर्यटकांना काढणारी काही माणसं माझ्या ओळखीची होती. पावसाळ्यात त्यांच्या बातम्या मीच लिहायचो. तिघं दुपारी आले, दोर आणि गळ घेऊन.

"बॉडी किती वयाची, भाऊ?" त्यांच्यातल्या थोरल्याने विचारलं.

"बॉडी नाही. काड्यापेटीपेक्षा लहान आहे. फडक्यात बांधलंय, दगडाबरोबर."

"काय हाय?"

मी सांगितलं. धाकटा हसला, मग थोरल्याकडे पाहून थांबला. "आमी आख्खा मानूस काढतो," थोरला म्हणाला, "तरी तीन-तीन दिस जात्यात. हे कुटं गावायचं?" तरीही ते पाण्यात उतरले. भाद्रपदाचं पाणी गढूळ आणि जोराचं होतं. दोन दिवसांत त्यांना दोन चपला, एक लोखंडी पाटी आणि कोणाच्या तरी गणपतीचा हात सापडला. तिसऱ्या दिवशी त्यांना दुसरीकडे बोलावणं आलं. भुशी धरणाकडे एक जण बुडाला होता. ती बातमी मीच दिली.

डॉक्टरांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. मग फाइल पुढे ओढून पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं: ब्लॉक नातेवाइकांना देऊ नये. खाली दोन रेघा मारल्या.

आता रक्तात पाहता येईल, त्या म्हणाल्या. मरणाऱ्या पेशींचे तुकडे कधी रक्तात उतरतात. उतरलेच पाहिजेत असं नाही. रक्त दिलं. अहवालात काही सापडलं नाही. सापडलं नाही याचा अर्थ बदल नाही असा होत नाही, हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. त्यांनी केमो सुरू केली. केमोला जोड, ऑटो, निरोप यांच्याशी देणंघेणं नसतं. दुभंगणारी जी पेशी दिसेल तिला मारायचं. केसांची मुळं, तोंडाची आतली कातडी, हाडातलं रक्त, सगळीकडे पेशी दुभंगत असतात.

बहिणीचे केस दुसऱ्या वेळेनंतर गेले. नखं काळी पडली. सासूने तिचं ताट, तांब्या वेगळा केला. संक्रांतीला वाण द्यायला आलेल्या बायकांना तिने सुनेला हात न लावता ओवाळायला सांगितलं. एक बाई म्हणाली, "मशेरीनं एवढं व्हतं व्हय?" बहीण म्हणाली, "मशेरीनं न्हाई, ऑटो लागलाय." बायकांना ते कळलं नाही. तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं गावात बोललं गेलं.

पौषात छातीत पाणी भरलं. श्वास घेताना खांदे वर जायला लागले. डॉक्टरांनी पाठीतून ते पाणी काढलं, तांबूस, दोन बाटल्या. या पाण्यात गाठीच्या पेशी सुटून आलेल्या असतात. त्या खाली बसवून, गाळून, मेणात घेतल्या. नवीन ब्लॉक झाला. या वेळी तो हॉस्पिटलने परस्पर लॅबला पाठवला. दहा दिवसांनी अहवाल आला. चुकलेला जोड होता.

सोमवारी नदीत सोडलेल्या तुकड्यातही तो असणार होता. मधले चार महिने आणि केमो.

गोळी माघात सुरू झाली. सकाळी आणि संध्याकाळी. दुसऱ्या आठवड्यात बहीण आडवी होऊन झोपली. चौथ्या आठवड्यात तिने स्वतः पाणी भरलं. छातीच्या फोटोत पांढरा भाग निम्म्याहून कमी झालेला डॉक्टरांनी मला दाखवला. आषाढात ती लावणीला चिखलात उतरली. मी नको म्हणालो तेव्हा म्हणाली, "ऑटो काढलाय. आता मी सांगन तवाच मोटर चालू."

सासूने वेगळा केलेला तांब्या परत मांडणीवर ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, नदीनं घेतलं म्हणून सून उठली. मी गोळीचं नाव घेतलं की म्हणायची, "गोळ्या काय, पयल्याबी घेतल्या व्हत्या. केसं गेली. पान्यात सोडलं तवा गुन आला." काळाचा क्रम तिच्या बाजूने होता. आधी विसर्जन, नंतर गुण.

पुढच्या पितृपक्षात सासऱ्यांच्या तिथीला कावळा वाडी ठेवताच शिवला. त्याच आठवड्यात बहिणीने पहिल्यांदा डोकं दुखतंय म्हटलं.

मेंदूत डाग निघाले आणि गळ्याच्या हाडावर एक गाठ. त्या गाठीतून सुईने तुकडा घेतला. तिसरा ब्लॉक झाला. तोही हॉस्पिटलने परस्पर पाठवला. डॉक्टरांनी सांगितलं: गोळीने लाखो पेशी मेल्या. एखादीत आधीच, किंवा नंतर, आणखी एक बदल झालेला असतो. तिच्यावर गोळी चालत नाही. बाकीच्या मेल्या की तिला मोकळं रान मिळतं. या वेळी तिने त्या प्रथिनाची वाट सोडून दुसऱ्या वाटेने निरोप मिळवला होता.

दाजींना मी हे दुकानात सांगितलं. समोर उघडी मोटर होती, जळालेली तार त्यांनी उपसून बाहेर काढली होती.

"आकडा टाकलाय म्हना," ते म्हणाले. "मीटर कापला का लोकं वरनं आकडा टाकत्यात."

"तेच."

"मग आकडा काढनारी गोळी?"

तशी एक गोळी होती, ती देऊन पाहिली. डोकेदुखी तीन आठवडे कमी झाली आणि परत आली. त्यापुढच्या बदलावर चालणारी गोळी नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी तेच वाक्य घरी सांगितलं.

सासूकडे स्पष्टीकरण तयार होतं. "दोन तुकडं हास्पिटलात कपाटात घालून ठिवल्यात. पयला सोडला तवा ऱ्हायली व्हती का न्हाई बरी? तुमीच ठिवलं, पावनं. तुमच्यामुळं परत आलं."

बहीण पडून होती. ती मला म्हणाली, "आणून दे."

"काय?"

"माझं हाय ते. आणून दे. सोडते."

"ताई, तुला माहितीये त्याने काही होत नाही."

"मला म्हाईत हाय. तिला न्हाई." तिने सासूच्या दिशेने नुसती नजर वळवली. "रोज डोक्याशी बसून बोलती. निदान गप तरी बसंल. शांत मरू दे मला."

मी अर्ज केला. हॉस्पिटलने नाकारला. कारण: फाइलवरचा शेरा.

तिथल्या लॅबमधल्या एका ओळखीच्या माणसाकडून मी रिकामी प्लॅस्टिकची चौकट मागून घेतली. कशासाठी, ते सांगितलं नाही. कामशेतच्या किराणा दुकानातून पांढरी मेणबत्ती आणली. तळेगावात घरी चहाच्या पातेल्यात ती वितळवली, सुपारीचं एक कातरण चौकटीवर ठेवलं आणि वर मेण ओतलं. थंड झाल्यावर कडा ब्लेडने तासल्या. वीस मिनिटं लागली. पाकिटावर हॉस्पिटलच्या पद्धतीने क्रमांक टाकला. क्रमांक तिचाच होता. एवढी गोष्ट त्यात खरी होती.

बहिणीने ते खिडकीकडे धरून पाहिलं. "येवढंच?" ती म्हणाली. मी हो म्हणालो. सासूने विचारलं, "आन दुसरा?" मी म्हणालो, दोन्ही एकातच आहेत. दाजींनी ते हातात घेतलं, अंगठ्याने मेणावरून एकदा घासलं आणि परत दिलं.

बहिणीला जीपमधून बंधाऱ्यावर नेलं. या वेळी फडकं आणि दगड घरूनच आणले होते. तिने आपल्या हाताने सोडलं. सासू त्या दिवसापासून तिच्या डोक्याशी बसून बोलायची थांबली. अठराव्या दिवशी, फाल्गुनात, सकाळी सहाच्या आधी बहीण गेली. शेवटचे चार दिवस तिने कोणाला ओळखलं नाही.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवल्यावर कावळा लगेच शिवला. सासूने हात जोडले. "सुटली. पयल्यांदाच समदं एकदम सोडलं असतं, तर ही येळ आली नसती." बायकांनी माना हलवल्या. त्यांतली एक गिरणीत बोललेली बाई होती.

माणसं पांगल्यावर दाजी माझ्याजवळ आले. डोकं नुकतंच भादरलेलं होतं.

"पयल्यात तीन दोरं व्हतं, पांढरं," ते म्हणाले. "तुमी आनलेल्यात येकच, तांबडा. मेनबी येगळं."

"सुपारी होती," मी म्हणालो. "मेणबत्तीचं मेण."

"व्हय. हाताला लागलं तवाच वळखलं." ते पाण्याकडे बघत होते. "तिलाबी कळलं व्हतं का?"

"माहीत नाही."

"मग खरं कुटं हाय?"

"हॉस्पिटलात."

"ते आना, पावनं. आता तर देतील."

दुसऱ्या दिवशी मी मृत्यूचा दाखला जोडून नवा अर्ज दिला. हॉस्पिटल असे ब्लॉक रुग्ण गेल्यानंतरही काही वर्षं ठेवतं. अर्जाला उत्तर आलं नाही. मी फोन केला. भांडारातल्या माणसाने क्रमांक विचारला, जागेवरून उठला, दोन मिनिटांनी परत फोनवर आला. दोन्ही ब्लॉक जागेवर आहेत, असं त्याने सांगितलं.